पोलीस ठाण्यात जाताय? मग केबिन घरी ठेवून या

मागच्या अंकात मी सहज दोन परिच्छेद लिहिले होते, की पोलिसांना मनोरुग्णांशी कसं वागायचं ते शिकवायला सगळे धावतात, पण काउन्सेलरला पोलिसांबरोबर कसं काम करायचं ते कोणी शिकवतच नाही. त्यावर एवढ्या मेल आणि चिठ्ठ्या आल्या की झोप, चिडचिड आणि सासूबाई हे आपले नेहमीचे तीन प्रश्न या वेळी बाजूला ठेवलेत. सासूबाईंनी समजून घ्यावं. नवीन वाचकांसाठी सांगते, मी सायकियाट्रिक सोशल वर्कर, आता रिटायर्ड, नोकरीतली बरीच वर्षं मनोरुग्णालयाच्या ओपीडीत आणि गेटवर गेली. गेटवर म्हणते कारण पोलिसांची गाडी तिथंच येऊन थांबायची आणि अर्धं काम तिथंच व्हायचं. नावं कुणाचीच छापत नाहीये, पत्रं थोडी कापली आहेत.

प्रश्न : ताई नमस्कार. मी २७ वर्षांची, क्लिनिकल सायकॉलॉजी करून कोथरूडला एका क्लिनिकमध्ये बसते. एक संस्था मनोरुग्णाबद्दल फोन आला की पोलिसांसोबत जाणारी टीम तयार करतेय, त्यात माझं नाव आलंय. दोन दिवसांचं ट्रेनिंग झालं, सगळं पीपीटी. 'पोलिसांमध्ये संवेदनशीलता कशी रुजवावी' वगैरे. पण मी स्वतः आयुष्यात एकदाच ठाण्यात गेलेय, पासपोर्टच्या व्हेरिफिकेशनला. मला नक्की काय शिकायला हवं?

अगं, पासपोर्टला गेलीस आणि ते प्रामाणिकपणे लिहिलंस म्हणजे अर्धं शिकलीस. तुझ्या आधी टीममध्ये गेलेल्या कितीतरी जणी पहिल्या दिवशी ठाण्यात जाऊन हवालदारालाच शिकवायला लागतात.

आधी माझी फजिती ऐक. नोकरी नवीन होती, पेठेतला एक जुना वाडा, वरच्या मजल्यावर एक मुलगा दोन दिवस खोलीत कोंडून घेऊन बसलेला, पोलीस आलेले आणि मला बोलावून घेतलं. दार उघडलं तशी मी उंबऱ्यातच उभी राहिले आणि शिकवल्याप्रमाणे हळू आवाजात 'तुम्हाला आत्ता काय वाटतंय' असं सुरू केलं. त्याला काय वाटत होतं तर त्याला बाहेर पडायचं होतं, आणि बाहेर पडायच्या दारात मी उभी. त्यानं मला ढकललं, मी कठड्यावर आदळले. एक वयस्कर हवालदार होते, त्यांनी मला दंडाला धरून बाजूला घेतलं आणि एवढंच म्हणाले, "मॅडम, दार अडवायचं नसतं. जाऊदे त्याला, खाली जिन्यात आपलीच माणसं आहेत." ते एक वाक्य मला माझ्या सगळ्या डिग्रीत कुणी सांगितलं नव्हतं. मुलगा खाली जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून रडायला लागला आणि मग तिथं बसून आम्ही बोललो, तासभर.

म्हणून माझं म्हणणं असं की तुझं ट्रेनिंग वर्गात सुरूच होऊ नये. पहिला आठवडा ठाण्यात ठाणे अंमलदाराच्या शेजारी खुर्ची टाकून बस. काही बोलू नको, काही शिकवू नको. स्टेशन डायरीत नोंद कशी होते, तक्रार घेताना माणूस एकीकडे लिहितो, दुसरीकडे वायरलेस ऐकतो, तिसरीकडे दारात रडणाऱ्या बाईला बसायला सांगतो, ते बघ. खांद्यावरचे स्टार आणि दंडावरच्या फिती ओळखायला शिक, पीएसआय, एपीआय, पीआय (उपनिरीक्षक, सहायक निरीक्षक, निरीक्षक) यातला फरक कळला नाही तर तू रात्री दोनला चुकीच्या माणसाकडे परवानगी मागत बसशील. मग आठ दिवस बीटवर, गाडीत मागे बसून. नाइटला पण. गणपतीच्या बंदोबस्तात एक दिवस जा, विसर्जनाच्या दिवशी सकाळपासून दुसऱ्या दिवशीपर्यंत उभा असलेला माणूस तिसऱ्या दिवशी तुझ्या 'अॅक्टिव्ह लिसनिंग'वर जांभई का देतो ते आपोआप कळेल.

त्यानंतर येतं ते जागेवरचं काम. क्लिनिकमध्ये तुझ्याकडे पन्नास मिनिटं असतात, समोरचा स्वतःहून आलेला असतो, फी भरून. इथं तुझ्याकडे दहा मिनिटं असतात आणि बघायला अख्खी सोसायटी जमलेली असते. इथं थेरपी करायचीच नाहीये. फक्त तापमान खाली आणायचंय. एका वेळी एकानेच बोलायचं, आणि कोण बोलणार ते गाडीतून उतरायच्या आधी ठरलेलं पाहिजे. सायरन बंद, लाल-निळा दिवा बंद, घरातला टीव्ही बंद, व्हिडिओ काढणारे शेजारी खाली. कानात आवाज येतात म्हणणाऱ्याशी 'तुला ऐकू येतं ते खोटं आहे' म्हणून वाद घालायचा नाही आणि 'हो हो, मलाही ऐकू येतंय' असंही म्हणायचं नाही, कारण त्याला ते खोटं लगेच कळतं. नाव विचारायचं, पाणी विचारायचं. मी कितीतरी वेळा फक्त 'जेवलास का' एवढ्यावर माणूस खाली बसलेला बघितलाय.

आणि सुरक्षेचं. ओढणी पिनअप कर किंवा घेऊच नको, आयकार्डची दोरी ओढली की सुटणारी हवी, किचनच्या दिशेला पाठ करायची नाही (घरातली सगळी हत्यारं तिथंच असतात, आपण त्यांना विळी आणि लाटणं म्हणतो). समोरच्याच्या हातात काही असेल तर तू मागे आणि पोलीस पुढे, तिथं शौर्य दाखवायचं नाही. ते ठिकाण सुरक्षित आहे असं पोलिसानं सांगितलं की मग बोलायचं काम तुझं, आणि तेव्हा पोलिसानं मध्ये तोंड घालायचं नाही. ही वाटणी आधी बोलून घेतलेली नसेल तर दोघंही एकदम बोलता आणि तो बिचारा मधल्यामध्ये आणखी घाबरतो.

तुझ्या पीपीटीत नसलेली आणखी एक गोष्ट म्हणजे दोन टोप्या, एकाच वेळी दोन भूमिका. तू पोलिसांच्या गाडीतून आलीस म्हणजे समोरच्यासाठी तू पोलीसच. म्हणून पहिल्या मिनिटात सांगायचं की मी कोण, मी पोलीस नाही, आणि तू मला जे सांगशील त्यातलं काय माझ्याजवळ राहील आणि काय राहणार नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७, त्याचं कलम २३ गोपनीयतेचं आहे आणि त्यात अपवाद पण आहेत, दुसऱ्या कुणाला इजा होणार असेल तर ती टाळण्यापुरती माहिती देता येते. 'पुरती' हा शब्द लक्षात ठेव. त्याच्या लहानपणापासूनची हिस्टरी गाडीत बसल्या बसल्या चहा पिताना सांगायची नसते, आणि हे मी आपल्याच लोकांना करताना बघितलंय. तसंच 'मॅडम, तुमच्याशी मोकळा बोलतोय तर जरा विचारा ना मोबाईल कुठं टाकलाय' असं एक दिवस तुला नक्की कुणीतरी म्हणणार. नाही म्हणायचं, हसून म्हण पण नाही म्हण. तपास त्यांचा.

शेवटचं लिहिण्याबद्दल. तुझी नोंद कोर्टापर्यंत जाऊ शकते. 'रुग्ण आक्रमक होता' असं लिहू नको, 'खुर्ची भिंतीवर फेकली, कुणाला लागली नाही, मग कोपऱ्यात बसला' असं लिही. निदान डॉक्टरकडे होईल, तू जे पाहिलं ते लिहायचं.

दोन दिवसात यातलं काय होणार? अमेरिकेत मेम्फिस शहरात १९८७ साली एका आईनं मदतीला पोलीस बोलावले, २७ वर्षांचा तिचा आजारी मुलगा स्वतःला चाकूनं इजा करून घेत होता आणि पोलिसांच्याच गोळ्यांनी तो गेला. त्यानंतर १९८८ ला तिथं पोलिसांची खास टीम सुरू झाली, त्या पोलिसांचं ट्रेनिंग ४० तासांचं, आणि शिकवायला डॉक्टरांसोबत स्वतः आजारातून गेलेली माणसं आणि त्यांचे नातेवाईक. आपल्याकडे हीच बाजू कायम राहून जाते. तुझ्या संस्थेला विचार, ट्रेनिंगमध्ये एक तरी अशी व्यक्ती बोलली का जिला कधी पोलिसांनी उचलून दवाखान्यात नेलंय? नसेल तर तिसरा दिवस वाढवा म्हणावं.

प्रश्न : ताई, धनकवडीत राहते. मुलगा ३१ वर्षांचा, स्किझोफ्रेनिया, दीड महिना गोळ्या बंद केल्यात. मागच्या आठवड्यात शेजाऱ्यांनी ११२ ला फोन केला. दोन पोलीस मार्शल आले, त्यांना बघून हा जास्तच बिथरला, गॅलरीत जाऊन ओरडायला लागला. ते म्हणाले याला दवाखान्यात न्या, आणि गेले. कसा नेऊ? परत बोलवायची भीती वाटते, लॉकअपला टाकलं तर?

ताई, लॉकअपची भीती आधी काढून टाका. २०१७ च्या कायद्याचं कलम १०० सरळ सांगतं, आजारामुळे स्वतःला किंवा दुसऱ्याला धोका आहे असं ठाण्याच्या प्रमुखाला वाटलं तर त्या व्यक्तीला संरक्षणात घ्यायचं, कारण सांगायचं, आणि लवकरात लवकर, कितीही झालं तरी २४ तासांच्या आत, जवळच्या सरकारी रुग्णालयात तपासणीला न्यायचं. अशा माणसाला लॉकअपमध्ये किंवा तुरुंगात कुठल्याही परिस्थितीत ठेवायचं नाही. तुम्ही हे कलम नम्रपणे म्हणून दाखवलंत तरी चालतं, पुण्यात कायदा म्हणून दाखवणारा माणूस कुणाला नवीन नाही.

आता पुढच्या वेळी फोन करावा लागला तर शेजाऱ्यांच्या आधी तुम्ही करा. शेजारी सांगतात 'एक वेडा आरडाओरडा करतोय' आणि मग येणारी माणसं त्याच तयारीनं येतात. तुम्ही सांगा, माझा मुलगा आजारी आहे, आजाराचं नाव हे, हातात काही नाही (असेल तर खरं सांगा, लपवू नका), गोळ्या बंद आहेत, याला अमुक नावानं हाक मारली की शांत होतो, सायरन नको, गेटवर मी भेटते. हे सगळं आत्ताच एका कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवून ठेवा कारण त्या वेळी आपल्याला स्वतःचा पत्ता आठवत नाही. सोबत गोळ्यांची नावं आणि डॉक्टरांचा नंबर.

अॅम्ब्युलन्सबद्दल लोक विचारतात म्हणून सांगते, शरीराच्या आजाराला ज्या प्रकारे आणि ज्या दर्जाची अॅम्ब्युलन्स मिळते तशीच मनाच्या आजाराला मिळाली पाहिजे हेही त्याच कायद्यात आहे, कलम २१. फोनवर कुणी कां-कूं केलं तर हे सांगायचं. आणि इमर्जन्सीत, म्हणजे जिवाला किंवा इतरांना खरोखर धोका असेल तर, कलम ९४ खाली कुठलाही नोंदणीकृत डॉक्टर, सायकियाट्रिस्टच पाहिजे असं नाही, तात्पुरते उपचार सुरू करू शकतो, घरी येऊनसुद्धा, जास्तीत जास्त ७२ तासांपुरते. नामनिर्देशित प्रतिनिधी हजर असेल तर त्याच्या संमतीनं. त्यामुळे तुमच्या गल्लीतल्या फॅमिली डॉक्टरांशी आत्ताच बोलून ठेवा, ते ओळखीचे असतील तर त्यांचा आवाज मुलाला चालतो.

हा प्रतिनिधी म्हणजे काय, तर मुलगा बरा असेल त्या दिवसांत त्याच्याकडून एका साध्या कागदावर लिहून घ्या की माझ्या वतीनं निर्णयात मदत करायला मी अमुक व्यक्तीला नेमतो, आणि त्याची सही. स्टॅम्पपेपर लागत नाही. पण त्याला पटवून, दमदाटी करून नाही. त्याला कदाचित आई नको असेल, मामा हवा असेल. वाईट वाटून घेऊ नका.

रात्री-अपरात्री नुसतं बोलायला कुणी हवं असेल तर १४४१६, टेलिमानस, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, फुकट आहे आणि मराठीत बोलतात. आणि तुमच्यापासून धायरी लांब नाही, तिथं डॉ. जगन्नाथ वाणींनी सुरू केलेली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आहे. तिथं जाऊन बाकीच्या आईवडिलांमध्ये एकदा बसून या. माझ्या उत्तरापेक्षा त्याचा जास्त उपयोग होईल. मार्शल 'दवाखान्यात न्या' म्हणून गेले त्यांच्यावर मी फार रागावत नाही, त्यांच्यासोबत त्या दिवशी एक नर्स किंवा सोशल वर्कर असती तर ती गॅलरीच्या आत, लांब उभी राहून बोलली असती, आणि आपण हा कॉलम लिहितोय तो त्यासाठीच.

प्रश्न : मॅडम, पोलीस हवालदार आहे, २२ वर्षं नोकरी. तुमचं मागचं वाचलं, बरं वाटलं. आमच्याकडं काउन्सेलर येतात, सहा वाजले की फोन बंद. वेडसर माणूस रात्री दोनला सापडतो. दवाखान्यात घेऊन जा, तिथं तीन चार तास बसा, सकाळी परत ड्युटी. आणि ट्रेनिंगला येऊन आम्हाला डोळे मिटून श्वास घ्यायला लावतात. मी झोपलो. खरं सांगतोय.

दादा, झोपलात म्हणजे ट्रेनिंगचा तेवढाच उपयोग झाला म्हणायचा! तुमचं सहा वाजताचं दुखणं खरं आहे. ज्या सेवेचा फोन सहाला बंद होतो तिला पोलिसांसोबतची सेवा म्हणू नये, ऑफिस म्हणावं. टीम करायची तर पाळ्या तुमच्याच, म्हणजे नाइटसुद्धा, आणि हे नेमणूक करताना लिहून घेतलं पाहिजे, नंतर 'मॅडमना घर लांब पडतं' चालणार नाही.

पण तुमच्या खात्यात बाहेरची माणसं बसून काम करू शकत नाहीत असंही नाही. मुंबईत १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेनं पोलीस आयुक्तालयातच महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, शिकलेल्या सोशल वर्कर पोलिसांच्या जागेत बसतात पण पोलिसांच्या नोकर नसतात. पुढं सरकारनं तो राज्यभर नेला. पुण्यातला भरोसा सेल (महिला, मुलं आणि ज्येष्ठांसाठीचा पोलिसांचा मदत कक्ष) तुम्हाला माहितीच असेल. चाळीस वर्षांचा अनुभव आपल्या दाराशी आहे आणि आपण ट्रेनिंगला अमेरिकेचे व्हिडिओ दाखवतो (मी पण वर मेम्फिसचं सांगितलंच, काय करणार). त्या कक्षांतल्या जुन्या बायकांना बोलवा शिकवायला. ठाण्यातल्या माणसाशी भांडण न करता त्याच्याकडून काम कसं करून घ्यायचं हे त्यांच्याइतकं कुणाला येत नाही.

तीन-चार तास बसण्याचं काय, तर तिथं मात्र मेम्फिसकडून घेण्यासारखं आहे. त्यांनी ट्रेनिंगसोबत रुग्णालयाचं एक दार ठरवलं, पोलिसांनी माणूस आणला की त्या दारातून परत पाठवायचं नाही, पटकन ताब्यात घ्यायचं आणि पोलिसांना मोकळं करायचं. हे दार नसेल तर काउन्सेलर कितीही गोड बोलली तरी शेवटी तुम्ही, ती आणि तो माणूस तिघं बाकावर बसून राहणार. आपल्याकडं राज्यात चार सरकारी मनोरुग्णालयं, ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी, त्यातलं येरवड्याचं २५४० खाटांचं. मोठं आहे, पण कात्रजहून रात्री दोनला ते काही जवळ नाही, आणि पहिली तपासणी जवळच्या सरकारी दवाखान्यात व्हावी असं कायदा म्हणतो. तिथल्या रात्रपाळीच्या डॉक्टरला ते माहीत नसेल तर त्याचंही ट्रेनिंग त्याच वर्गात, तुमच्याच शेजारी बसवून झालं पाहिजे. इंग्लंडात तर कायदाच २०१७ पासून असा आहे की अशा माणसाला ताब्यात घेण्याआधी, शक्य असेल तर, पोलिसानं आरोग्यवाल्याला फोन करून विचारायचं. फोन उचलणारा पलीकडं जागा पाहिजे हे ओघानं आलंच.

आता तुमच्याकडं एक मागणं. रात्री दोनला सापडलेला प्रत्येक बडबडणारा माणूस मनोरुग्ण नसतो. शुगर खाली गेलेला डायबेटीसवाला असाच बरळतो. डोक्याला मार लागलेला, तापात भ्रम झालेला म्हातारा असाच वागतो. रोज पिणारा माणूस अचानक दारू तुटली की दोन-तीन दिवसांनी थरथरतो, भिंतीवर किडे दिसतात म्हणतो, आणि हा माणूस वेळेत दवाखान्यात गेला नाही तर मरू शकतो. म्हणून टीममध्ये काउन्सेलर असो की सोशल वर्कर, तिला ग्लुकोमीटर वापरता आला पाहिजे, ताप आणि नाडी बघता आली पाहिजे, आणि 'हे माझं नाही, आधी कॅज्युअल्टी' असं म्हणायची लाज वाटता कामा नये. आमच्या लोकांना याची फार लाज वाटते. आणि धरावंच लागलं तर पालथं पाडून पाठीवर बसायचं नाही दादा, श्वास कोंडतो, ओरडायचा थांबला म्हणजे शांत झाला असं धरू नका. लगेच कुशीवर करा.

रस्त्यावर फिरणारा, पत्ता न सांगता येणारा असेल तर हरवल्याची एफआयआर नोंदवून घरच्यांचा शोध घेणं हेही कलम १०० मध्येच आहे. त्याला वेळ लागतो, पण कर्जतला डॉ. भरत वाटवानींच्या श्रद्धा संस्थेनं रस्त्यावरची माणसं बरी करून घरी पोचवायचं काम इतकी वर्षं केलंय, २०१८ ला त्यांना मॅगसेसे मिळालं ते त्याचसाठी. गाव कळायला कधी कधी औषधांचे पंधरा दिवस जावे लागतात, मग माणूस स्वतःच तालुका सांगतो. तेव्हा पहिल्या रात्री पत्ता सांगत नाही म्हणून चिडू नका.

आणि जाता जाता, तुमच्या पत्राच्या खाली तुम्ही बारीक अक्षरात लिहिलंय की तुम्हालाही झोप लागत नाही (वर्गात सोडून). ते टीममधल्या मॅडमना सांगू नका. त्या तुमच्या सहकारी आहेत, उद्या रात्री त्यांच्यासोबत दारात उभं राहायचंय, त्यांना तुमची डॉक्टर व्हायला लावू नका. वेगळा माणूस गाठा, खात्याबाहेरचा असला तर उत्तम. नवीन काउन्सेलरांनी पण हे लक्षात ठेवा, पंधरा दिवसांत अख्खं ठाणं एकेक करून तुमच्याकडे ब्लडप्रेशर, बायको आणि बदली घेऊन येणार. चहा प्या, ऐका, आणि दुसऱ्याचा नंबर द्या.

प्रश्न : स्वारगेटला २०१२ मध्ये एसटीच्या एका ड्रायव्हरनं बस पळवून नऊ जणांना चिरडलं, आठवतंय ना? अशा लोकांपुढं काउन्सेलर पाठवणार? पोलिसांच्या हाताला बेड्या घालण्यातला प्रकार वाटतो. — एक करदाता, सहकारनगर

आठवतंय, २५ जानेवारी होती, आणि पुण्यात त्या दिवशी प्रत्येकजण घरच्यांना फोन लावत होता. मानसिक आजाराचं कुठलंही भाषण असो, तिसरा प्रश्न हाच येतो. त्या खटल्यात वेडेपणाचा बचाव कोर्टानं मानला नाही, सुप्रीम कोर्टानं २०१९ ला फाशीची जन्मठेप केली. त्यामुळे त्या एका प्रसंगावरून स्किझोफ्रेनिया असलेल्या धनकवडीच्या मुलाबद्दल काहीच सांगता येत नाही. मानसिक आजार असलेली बहुतेक माणसं कुणावर हात उचलत नाहीत, उलट मार खाणाऱ्यांत ती जास्त असतात, गेटवर इतकी वर्षं उभी राहून माझंही तेच मत आहे.

धावत्या बससमोर सोशल वर्कर उभी करा असं कुणीच म्हणत नाहीये. ते काम पोलिसांचंच. पण ठाण्याला येणारे असे सगळे फोन काय असतात ते एकदा जाऊन ऐका : आजोबा घर विसरले, मुलगी गच्चीवर बसलीये, माणूस देवळात कपडे काढून बसलाय. अमेरिकेत यूजीन नावाच्या गावात १९८९ पासून अशा फोनना एक मेडिक आणि एक काउन्सेलर, बिनहत्यारी, व्हॅन घेऊन जायचे आणि गरज पडली तर पोलीस बोलवायचे. तीस-पस्तीस वर्षं चाललं, २०२५ ला तिथं बंद पडलं, कारण विचाराल तर पैसे. तेव्हा करदाता म्हणून तुमचा प्रश्न खरा तर हा हवा की सुरू केलेलं चालू कसं ठेवणार. तो विचारलात तर मी तुमच्या बाजूनं सही करते.

प्रश्न : आत्महत्येचा प्रयत्न केलेल्याच्या जबाबाला पोलीस आले तर काउन्सेलरने काय करायचं? केस होते का?

२०१७ च्या कायद्याचं कलम ११५ म्हणतं की असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरायचं, भारतीय दंड संहितेच्या जुन्या कलम ३०९ खाली त्याला शिक्षा करायची नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली त्यात जुनं ३०९ नाहीच, फक्त सरकारी नोकरावर दबाव आणायला असा प्रयत्न केला तर कलम २२६ आहे. त्यामुळे जबाबाच्या वेळी तुम्ही कॉटच्या बाजूला बसा, डॉक्टर 'बोलू शकतो' म्हणेपर्यंत थांबायला सांगा, नातेवाईकांची गर्दी बाहेर काढा. छळाचा मामला असू शकतो म्हणून पोलीस विचारणारच, त्यांना शत्रू समजू नका. फक्त 'का केलंस' हा प्रश्न एकदाच विचारला जाईल एवढं बघा, नाहीतर दिवसभरात अकरा जण विचारतात.

प्रश्न : यासाठी काय शिक्षण लागतं आणि पगार किती?

आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणीचे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, सायकियाट्रिक सोशल वर्कर, सायकियाट्रिक नर्स, हे तिघं उपयोगी. माझं मत विचाराल तर पहिली नर्स घ्या. पगाराचं या कॉलममध्ये विचारू नका, माझं पेन्शन बघून मलाच रडू येतं.

प्रश्न : ताई, मी नर्स आहे, पुढच्या महिन्यापासून अशाच टीममध्ये जातेय. सोबतच्या पिशवीत काय ठेवू?

बघा, मी म्हणलं ना नर्स. पाण्याच्या दोन बाटल्या, ग्लुकोमीटर, थर्मामीटर, बीपीचं मशीन, ग्लुकोज पावडर, बिस्किटाचे पुडे (क्रीमचे नको, चिकट होतं सगळं), एक साधी चादर कारण कपडे फाटलेल्या माणसाला आधी ती लागते, सॅनिटरी पॅड, ग्लोव्हज, स्लीपरचा एक जोड मोठ्या मापाचा, टॉर्च, चार्जर, रात्री कुठल्या दवाखान्यात कोण ड्युटीवर आहे त्याचा कागद, रोज बदलायचा. नोंदवही. आणि पेनं तीन ठेवा, एक पंचनाम्याला जातं, एक ठाणे अंमलदार घेतो, आणि दोन्ही परत येत नाहीत.